गुबारा

आमच्या गावचं पाणी खारं.
विहीर खणा, बोअर पाडा, खारंच.
त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही,
नुसती फुगते, आणि दाणा दाणा वेगळा राहून
पातेल्यातून माझ्याकडे बघत बसते.
मी शाळेत खिचडी शिजवते. तिथं टँकरचं गोडं पाणी,
लेकरांची डाळ लोण्यासारखी.
घरच्या डाळीत चिमूटभर सोडा टाकायचा
आणि देवाचं नाव घ्यायचं.

पंचवीस वर्षं ती डाळ मी सगळ्यांच्या मागून खाल्ली.
उभ्यानं, ओट्याला टेकून,
एक कान म्हशीकडे, एक शाळेच्या घंटेकडे,
चार घास, वर तांब्याभर पाणी.

मग दुपारी पोटाचा नगारा.
परकराची नाडी सैल करायची, तरी रुतायची.
वारा बरगडीखाली धरायचा,
पाठीतून हिंडायचा, खांद्यात जाऊन बसायचा.
एकदा तर वाटलं, काळीजच.

पुरुषांचं बरं असतं.
आमचे हे पारावर बसल्या बसल्या मांडी उचलतात,
चार माणसं हसतात, विषय पुढे जातो.
बाईनं धरून ठेवायचं.
पर्णाबाईच्या सुनेच्या डोहाळजेवणात
मी दोन तास धरून ठेवलं,
कानामागे घाम, मांडीवर ओटीचा नारळ,
आणि उठताना, अगदी उठताना...
नारळ पडला, असं सांगितलं.
नारळ माझ्या हातातच होता.

आई म्हणायची, सारं पोटात घालावं बाई.
खंडारे सिस्टरला मी तेच सांगितलं,
उपकेंद्राच्या बाकावर, डोळ्यांत पाणी आणून,
की इतक्या वर्षांचं बोलणं आत साठलंय,
तेच फुगतंय.
सिस्टरनं माझं पोट वाजवून पाहिलं,
बाजारात टरबूज वाजवतात तसं.
"बोलनं बोलून टाका, ते वेगळं.
हे डाळ कच्ची हाये, ताई.
वजन घटलं काय? संडासवाटे रक्त?
रातची दुखून झोप मोडते काय?"
नाही. नाही. नाही.
"मंग भेऊ नोका. जेवता कशा, ते सांगा."

कशा म्हणजे?
जेवलीस का, विचारतात. काय केलं होतं, विचारतात.
कशी, हे कुणी विचारलं नव्हतं.
मला उत्तर द्यायला वेळ लागला.

तर आता डाळ रात्रीच भिजत पडते.
सकाळी ते पाणी सांडून देते,
शाळेतून गोड्या पाण्याची एक कळशी आणते,
टाले सर पाहून न पाहिल्यासारखं करतात.
सोडा बंद.
मी पाटावर बसते. म्हैस ओरडते. ओरडू दे.
सासू म्हणाली, "पंगत मांडली काय वं?"
म्हटलं, हो, एकटीची.
चावताना कळलं, तुरीला चव असते.

सगळं थांबलं, असं मुळीच नाही.
पौषात वावरात रोडगे केले, सोल्यांची भाजी,
वर उकडलेल्या शेंगा; हात आवरला नाही.
सांजेला धुऱ्यानं एकटी परतत होते.
मागं पाहिलं, पुढं पाहिलं. कुणी नाही.
तुरीतून एक तितर भर्रकन उडालं.
त्याच्या आवाजात माझा मिसळला
की माझ्यामुळेच ते उडालं,
देव जाणे.
रिकाम्या वावरात मी मोठ्यानं हसले.

मग डोक्यावरचं गाठोडं सावरलं,
आठवलं, घरी जाऊन ओवा भाजायचाय, सासूसाठी.
तिचंही पोट रात्री वाजतं,
भिंतीपलीकडून मला ऐकू येतं.
ती खोकून झाकते.